नऊ वर्षांचं लोखंड

ताटावर चमचा वाजला. टण्. मग पुन्हा टण्. आणि जरासं थांबून, तिसऱ्यांदा, टक्.

सुचित्रा ओट्याशी कणीक मळत होती, तिचे हात तिथेच थांबले. दुपारचे तीन वाजले होते आणि घर इतकं गप्प होतं, की बोटांना चिकटलेली कणीक सुटतानाही ऐकू येत होती. एकदा वाजलं म्हणजे ताट मिळालं. दोनदा वाजलं म्हणजे जेवण झालं, ताट दाराबाहेर आहे, येऊन घेऊन जा. हा सगळा कारभार लेकीनं, रेवानं ठरवलेला, आणि पाच वर्षांच्या माणसानं ठरवलेला म्हणजे त्यात बदल नाही. तीनदा वाजलं तर काय, हे मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं.

शिवाय तिसरा आवाज ताटाचा नव्हताच मुळी. स्टील असं वाजत नाही. बुटाची टाच टाचेला लागावी, तसा तो आवाज होता.

हात धुऊन ती वर गेली. जिना संपला की चार पावलांची मोकळी जागा आणि समोर लहान खोली. त्या खोलीत कालपासून तिचा नवरा ज्ञानेश बंद होता. दाराबाहेर रिकामं ताट होतं. ताटात चमचा होता, बरोबर मधोमध, दाराच्या चौकटीला समांतर, पट्टी लावून ठेवल्यासारखा. ज्ञानेशनं उभ्या आयुष्यात चमचा सरळ ठेवला नव्हता.

"तीनदा का वाजवलंस रे?" तिनं बंद दाराला विचारलं.

"दोनदाच वाजवलं." आतून आधी खोकला आला आणि मग आवाज. "आमटीत मीठ नव्हतं, का माझी चव गेली?"

"तुझी चव गेली."

"मग ग्रँड. तुझ्यावर आळ नाही."

हे 'ग्रँड' त्यानं, तो डॉक्टर होता त्या हॉस्पिटलमधून, घरी आणलं होतं. लेटरकेनीत, या आयरिश गावात, माणूस शिडीवरून पडला तरी उठून 'ग्रँड', म्हणजे 'मजेत', म्हणतो, असं तो सांगायचा.

"ऑक्सिजन किती?"

"शहाण्णव. जा आता. दारात उभी राहू नकोस."

ती खाली आली. गुरुवारपासून त्याचा घसा धरला होता, आणि रविवारी, ऐन दसऱ्याच्या सकाळी, टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचा फोन आला. त्याच सकाळी देशभरातली घड्याळं एक तास मागे गेली होती, म्हणजे तो दिवस मुळातच लांब, त्यात हे. बाहेर पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. रेवाच्या शाळेला सुट्टी. आणि या डोंगरांच्या गावात त्या तिघांचं म्हणावं असं चौथं माणूस नव्हतं. सुचित्राला एकच हवं होतं: ज्ञानेशनं त्या दारातून आपल्या पायांनी चालत बाहेर यावं. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

सुचित्रा पुण्यात जर्मन शिकली होती. लग्नाआधी ती यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करायची. रेवा झाल्यापासून काम मिळेल तसं आणि वेळ सापडेल तसा. रेवा शाळेत असताना, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे, कधी गाडीत बसून. सप्टेंबरात ग्रॉनिया नावाची एक लिलाववाली बाई दारात आली आणि एक लाकडी पेटी ठेवून दोन मीटर मागे सरकली. डोंगरापलीकडे समुद्राकाठी एक जर्मन म्हातारा पन्नास वर्षं एकटा राहत होता. तो वसंतात वारला. ही त्याची पेटी. आत पदकं आणि प्रत्येकाबरोबर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी.

"जर्मनमधलं इंग्रजीत आण आणि प्रत्येकाचा इतिहास चार ओळींत लिही," ग्रॉनिया म्हणाली होती. "घाई नाही गं, लिलाव तरी कुठे होतोय सध्या."

सुचित्राला वाटलं होतं, पदकं म्हणजे शौर्य, घोडे, तलवारी. ही तशी नव्हती. ही नुसती टिकून राहिल्याची पदकं होती. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजानं १८२५ साली ती सुरू केली. सक्तीची वर्षं संपल्यावरही जे साधे शिपाई आणि हवालदार फौजेत राहिले, त्यांच्यासाठी. नऊ वर्षं झाली की छातीवर निळ्या फितीचा एक तुकडा आणि त्यावर लोखंडी पट्टी. पंधरा झाली की चांदीची. एकवीस झाली की सोनेरी. पट्टीवर शिपायाचं नाव नाही, मधोमध राजाच्या नावाची अक्षरं. पुढे १९१३ साली दुसऱ्या राजानं हे बदललं, पट्ट्या जाऊन मेडलं आणि क्रॉस आले; आणि पाचच वर्षांत राजाच गेला. ज्यांची वर्षं मोजायची राहिली होती त्यांचं काय झालं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. एक नियम तिच्या डोक्यात बसून राहिला होता: लढाईतलं वर्ष दुप्पट धरायचं. एक वर्ष उभं राहिलात, की दोन मांडायची.

शनिवारी, खंडेनवमीला, तिनं हे सगळं व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं. तिचे बाबा, नंदकुमार, भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. पस्तीस वर्षं त्यांनी एकाच मशीनवर काढली.

"म्हणजे आमच्यासारखंच की," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं झाल्यावर आम्हाला मनगटी घड्याळ दिलं साहेबानं. सगळा वेळ यांनी घेतला आणि वर घड्याळ दिलं. पोरी, त्या माणसानं काय दिलं म्हणालीस? लोखंड? ते तरी बरं. लोखंड कामाला येतं."

सुचित्रा हसली. समोर पाट मांडला होता. दर खंडेनवमीला बाबा कारखान्यात मशीन पुसून त्याला हार घालायचे, तशी इथे ती घरातली आयुधं मांडायची: ज्ञानेशचा स्टेथोस्कोप, तिचा लॅपटॉप, विळी, स्क्रूड्रायव्हर. रेवानं आपली बोथट कात्री ठेवली. मग तिनं पेटीत हात घातला आणि ती निळ्या फितीची लोखंडी पट्टी काढून पाटावर ठेवली.

"रेवा, ते आपलं नाही गं, कामाचं आहे."

"कामाचंच ठेवायचं असतं ना?" आजोबा फोनमधून म्हणाले. "आणि लोखंड आहे. आज लोखंडाचाच दिवस. राहू दे."

राहू दिलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूऐवजी दुकानातल्या शेवंतीची फुलं. बाबा दरवर्षी जे म्हणायचे तेच तिनं म्हटलं. ते कुठल्या पोथीतलं नव्हतं, बाबांच्या वडिलांपासून घरात चालत आलेलं. "ज्याचं हत्यार, त्यानं यावं. बसावं. घरावर नजर ठेवावी."

दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून, प्रत्येक वस्तू जागेवरून जराशी हलवून, 'कृपा झाली, आता यावं' असं म्हणून निरोप द्यायचा असतो. मगच उचलायचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन आला. ज्ञानेश तोंडाला मास्क लावून जिना चढला, मागे त्याची उशी, पांघरूण, चार्जर. तिनं लॅपटॉप तेवढा बाजूला घेतला, बाकी सगळा पाट एका हातानं उचलला आणि ओट्याखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, तसाच सारला. अक्षता राहिल्या. निरोप राहिला. तिच्या ध्यानातही आलं नाही.

*

मंगळवारी सकाळी पुढच्या दारातले बूट एका ओळीत होते. सगळे. रेवाचे पिवळे गमबूट, सुचित्राचे, ज्ञानेशचे हॉस्पिटलचे. टोकं पायपुसण्याच्या कडेला चिकटलेली, टाचा जुळलेल्या. ज्ञानेशचे काळे बूट चकाकत होते. आठवडाभर कुणी त्यांना हात लावला नव्हता.

"व्वा, रेवाबाई! बूट कुणी पॉलिश केले?"

रेवा सीरियल खात होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तरं मात्र यायची शाळेतल्या भाषेत, शाळेतल्या सुरात. "इट वॉजन्ट मी. युअर मॅन डझ इट."

इथली मुलं कुणाही 'त्या माणसा'ला युअर मॅन म्हणतात. दुकानदार युअर मॅन, पोस्टमन युअर मॅन.

"कुठला माणूस गं?"

"द फेला अपस्टेअर्स. बाबाच्या डोअरला." तिनं चमच्यानं वर दाखवलं आणि पुन्हा खाऊ लागली.

सुचित्रा जिन्याकडे वळली. पण दूध ओतू जायला आलं होतं, आणि आईला घाबरायला सुद्धा वेळ काढावा लागतो. तिनं आधी गॅस बंद केला.

बुधवारी रेवाच्या बाहुल्या जिन्याच्या पायऱ्यांवर उंचीप्रमाणे उभ्या होत्या. ससा शेवटी, कारण तो बुटका. वाळत घातलेले कपडे घड्या होऊन आले, कोपरे इतके धारदार, की टॉवेलला हात लावताना बोट कापेल असं वाटावं. जिन्याच्या वरच्या टोकाला गारवा होता. खिडकी उघडी नव्हती. सुचित्रा ताट घेऊन चढली, की शेवटच्या पायरीवर तिचे पाय आपोआप मंद व्हायचे, जसं कुणी उभं असलं की आपण वाट मिळायची वाट बघतो तसं.

पण ज्ञानेशचा ऑक्सिजन पंचाण्णवावर टिकून होता. ताप उतरला होता.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. ती हसत हसतच सांगायला लागली, बाहुल्यांचं, बुटांचं. बाबा हसले नाहीत.

"सुचू, त्या दिवशी निरोप दिलास का गं त्यांना?"

"कुणाला?"

"पाटावरच्यांना."

तिनं ओट्याखालच्या कपाटाकडे पाहिलं.

"आवाहन केलंस, आसन दिलंस, घरावर नजर ठेवा म्हणालीस. आणि जायला सांगितलंच नाहीस. मग माणूस कसा हलेल? आमच्याकडे तर नियमच होता. भोंगा झाला तरी चालतं मशीन सोडून जायचं नाही. पुढच्या पाळीचा रिलीव्हर येऊन समोर उभा राहिला, तो 'जा' म्हणाला, की मग जायचं. एकदा माझा रिलीव्हर आलाच नाही. मी दोन पाळ्या ओळीनं उभा. तुझा जन्म झाला त्या दिवशी."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगण्यासारखं काय त्यात? उभं राहायचं असतं." मग आवाज मऊ करून ते म्हणाले, "अक्षता टाक आणि मोकळं कर त्याला. फार झालं की त्याचं."

तिनं 'हो' म्हटलं. कपाट उघडलं, तांदळाचा डबा काढला, कुंकवाची डबी काढली. पाटावर शेवंती सुकली होती. लोखंडाच्या पट्टीवर कुंकू तसंच होतं, ओलं असल्यासारखं लाल. तिनं मूठ भरली आणि मूठ तशीच धरून उभी राहिली.

वर ज्ञानेश झोपला होता. पंचाण्णव. दाराशी कुणीतरी जागं होतं. ती स्वतः नाही राहू शकत. तिला रेवाजवळ झोपायला हवं, रेवाला बाबाच्या दारापासून लांब ठेवायला हवं. कुणी का असेना, आपल्या माणसाच्या उशाशी कुणी तरी आहे.

राहू दे की, तिच्या मनात आलं. बरा होईपर्यंत राहू दे. मग देऊ निरोप, नारळ फोडून देऊ.

तिनं तांदूळ डब्यात परत ओतले.

*

गुरुवारी दुपारी चारलाच उजेड पिवळा पडला. डोंगरावरून पावसाचा पडदा येत होता. रेवा खाली कार्टून बघत होती. सुचित्रानं चोरलेला अर्धा तास घेऊन लॅपटॉप उघडला. त्या लोखंडी पट्टीची चिठ्ठी तिनं मुद्दाम शेवटी ठेवली होती. म्हाताऱ्यानं ती इतर चिठ्ठ्यांसारखी लिहिली नव्हती. जुन्या जर्मन वळणात होती, कुठल्या तरी मूळ कागदावरून उतरवून घेतल्यासारखी. अक्षरं काटेरी तारेसारखी. तिनं एकेक अक्षर सोडवत ओळ लावली.

हवालदार हेनिंग. सेवा चौदा वर्षं. कॉलऱ्याचं साल, १८३१. सील केलेल्या घराच्या दारावर पहारा. हुकूम: कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. बदलीचा शिपाई आला नाही. तिथेच.

'तिथेच' नंतर काही नव्हतं. पेन्सिलीचं टोक मोडल्यासारखा एक ठिपका.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. कुणी आत नाही. कुणी बाहेर नाही. चौदा वर्षं, चांदीला एक वर्ष कमी. आणि आपण त्याला काय सांगितलं? घरावर नजर ठेव.

फोन थरथरला. ज्ञानेशचा मेसेज होता. डॉक्टर मेसेज लिहितात तसा, कोरडा. "८९. अॅम्ब्युलन्सला कळवलंय. घाबरू नकोस. बॅग भर, मी खाली येतो."

ती बॅग शोधत होती तोवर वरून आवाज आला. दाराची मूठ. खडखड. थांबून पुन्हा खडखड.

"सुचित्रा! बाहेरून कडी घातलीस का?"

त्या दाराला बाहेरून कडीच नव्हती.

ती दोन दोन पायऱ्या चढत वर गेली. शेवटच्या पायरीवर थंडी अंगावर आली. मूठ हातात घेतली, तर लोखंड पहाटेच्या नळासारखं गार. मूठ हलेना. तिनं खांदा लावला. दार हलेना, आतून ज्ञानेश ओढत होता, बाहेरून ती ढकलत होती, आणि मधे कुणीतरी भिंतीसारखं उभं होतं.

"ज्ञानेश, मागे हो. बस. बोलू नकोस."

"मी..." आणि मग नुसता श्वास. शिट्टी वाजल्यासारखा. त्याच्या आत हवा जायची राहत होती, आणि तो आवाज तिला दाराच्या पलीकडून स्पष्ट ऐकू येत होता.

रेवा जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. पायांत पिवळे गमबूट. "ही'ज नॉट अलाउड, आई," ती समजावण्याच्या सुरात म्हणाली. "नोबडी टोल्ड हिम."

"रेवा, खाली जा. खालच्या पायरीवर बस. हलायचं नाही."

सुचित्रा धावत खाली गेली, कपाट उघडलं, तांदळात कुंकू कालवलं, पट्टी उचलली आणि परत वर. धावताना अर्ध्या अक्षता जिन्यावरच सांडल्या. दारासमोर उभी राहून तिनं मूठभर तांदूळ उधळले. "कृपा झाली. आता यावं." पट्टी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, म्हणजे हलवली. "आता यावं. ऐकताय ना? आता यावं!"

लाल तांदूळ करड्या कार्पेटवर पसरले होते. सगळीकडे. फक्त दारासमोर दोन ठिकाणी एकही दाणा नव्हता. शेजारी शेजारी, टाचा जुळलेल्या, टोकं जराशी फाकलेली. दोन बुटांच्या तळव्यांएवढी मोकळी जागा.

मूठ हलली नाही.

दूरवर अॅम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला आणि त्याबरोबर तिला बाबांचं बोलणं आठवलं. भोंगा झाला तरी जायचं नसतं. समोर माणूस येऊन उभा राहावा लागतो.

तिनं विचार केला नाही. केला असता, तर पाऊल उचललं गेलं नसतं. ती पुढे झाली, वळली, दाराकडे पाठ केली आणि आपली अनवाणी पावलं त्या दोन मोकळ्या जागांवर ठेवली. थंडी पायांच्या तळव्यांतून चढली, पोटऱ्या, मांड्या, पोट, आणि गळ्याशी येऊन थांबली. कुणाच्या तरी छातीला तिची पाठ लागली आहे, असं तिला वाटलं. ओल्या लोकरीचा वास आला.

मग ती जर्मनमध्ये बोलली. वर्गात शिकवलेलं सगळं त्या क्षणी विसरली होती, पण मोठ्या माणसाशी बोलताना वापरायचं आदराचं रूप तिनं सुटू दिलं नाही. "हवालदारसाहेब, मी आपल्या बदली आले आहे. पहारा मी घेतला. आपली पाळी संपली. आपल्याला मोकळं केलं आहे."

क्षणभर काही नाही. नुसता दाराआडचा तो शिट्टीसारखा श्वास.

मग तिच्या उजव्या खांद्याला काहीतरी चाटून गेलं, गर्दीत माणूस पुढे जाताना जातं तसं. वरची पायरी करकरली. मग तिच्या खालची. मग खालची. एकेक, सावकाश, पाय जड झालेल्या माणसाची चाल. रेवानं खाली बसल्या जागी गुडघे बाजूला घेतले, कुणाला तरी वाट दिली. पुढच्या दाराच्या पत्रपेटीची झडप उचलली गेली आणि खट्कन पडली.

सुचित्राच्या पाठीमागे मूठ आपोआप फिरली. दार उघडलं आणि ज्ञानेश तिच्या पाठीवर कोसळला. ती पडली नाही. तिचे पाय हललेच नाहीत. दोन बुटांएवढ्या जागेत ती त्याचं सगळं ओझं घेऊन उभी राहिली, अॅम्ब्युलन्सची माणसं जिना चढून वर येईपर्यंत.

*

ज्ञानेश आठ दिवस आपल्याच हॉस्पिटलमध्ये झोपला. "इतकी वर्षं नोकरी करतोय, तिथल्या पलंगावर पाठ टेकायला आत्ता मिळाली," असं त्यानं तिसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, आणि ती ओट्याशी बसून हमसून हमसून रडली, कारण जो माणूस विनोद करतो तो जगणार. नवव्या दिवशी तो टॅक्सीतून उतरला, वाळलेला, दाढी वाढलेली, आणि आपल्या पायांनी चालत घरात आला. तिला हवं होतं ते तिला मिळालं.

पेटी नेण्यासाठी ग्रॉनिया आली तेव्हा सुचित्रानं पट्टी पुसली नव्हती. लोखंडाच्या खाचेत कुंकवाची एक रेघ राहिली होती.

"हा गंज आहे का?" ग्रॉनियानं लांबून विचारलं.

"नाही. राहू दे तसंच. मी यादीत लिहिलंय."

यादीत तिनं चार ओळी लिहिल्या होत्या. प्रशिया, १८२५ ची सेवा-पट्टी, तिसरा वर्ग, नऊ वर्षांची, लोखंडी. आणि शेवटी, कुणी मागितलेलं नसताना: धारकाची सेवा पूर्ण झालेली आहे.

बाबांना तिनं फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चांगलं केलंस." आणि पुढे, "पण पोरी, तू पाळी घेतलीस म्हणालीस. जर्मनमध्ये काय म्हणालीस ते मला कळत नाही. मराठीत मात्र शब्द दिल्यासारखंच होतं बघ ते."

"बाबा, तो गेला. ज्ञानेश बरा आहे. संपलं."

"हो हो. संपलं." ते घाईनं म्हणाले. "तसंही यंदाचं वर्ष कुणीही दुप्पटच धरेल."

नोव्हेंबरच्या मध्याला एका दुपारी ज्ञानेश त्या लहान खोलीत झोपला होता. मोठ्या खोलीत त्याला आताशा झोप लागत नव्हती. दार अर्धवट उघडं होतं, त्याचा श्वास सरळ चालला होता, ना खोकला ना शिट्टी. सुचित्रा धुतलेले कपडे घेऊन वर आली होती. दोन मिनिटं त्याचा श्वास ऐकावा म्हणून थांबली. खाली रेवा शाळेतून आल्यावर दप्तर टाकून चित्रं काढत होती. बाहेर पाऊस होता. घर शांत होतं.

कपडे हातातच राहिले. कधीतरी तिच्या लक्षात आलं की खिडकीतला उजेड गेला आहे. खांदे दुखत होते, पण दुखतात म्हणून हलावं असं वाटत नव्हतं. हातांतले टॉवेल तिनं केव्हा घडी केले, तेही आठवेना. कोपरे धारदार होते. तिनं खाली पाहिलं. तिची पावलं दारासमोर होती, टाचा जुळलेल्या, टोकं जराशी फाकलेली. जिन्याच्या तळाशी पायपुसण्यावर बूट एका ओळीत होते, आणि ज्ञानेशचे काळे बूट चकाकत होते, आणि तिच्या उजव्या हाताच्या नखांत काळं पॉलिश होतं.

जिन्यावर पावलं वाजली. रेवा वर येत होती, पेन्सिल हातात, एकेक पायरी मोजत. शेवटच्या पायरीवर ती थबकली, वाट मिळायची वाट बघावी तशी. मग तिनं आईकडे नीट पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत.

रेवा मराठीत पूर्ण वाक्य फार क्वचित बोलायची. आता बोलली, हळू आवाजात, बाबा जागा होऊ नये म्हणून.

"आई, त्याला सोडवायला तू आलीस. तुला सोडवायला कोण येणार?"